वजनाचं दुसरं ऑपरेशन करावं का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

घोडबंदर रोड, ठाणे

२०१८ साली माझं स्लीव्ह झालं, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन. ११४ किलोवरून ७३ वर आले, साखरेच्या गोळ्या सुटल्या, ठाणे स्टेशनचा जिना न थांबता चढायला लागले. आता काटा ९५ दाखवतोय. त्याहून जास्त त्रास रात्रीचा आहे. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून उशा रचून अर्धी बसूनच झोपते. एक सर्जन म्हणाले, स्लीव्हचं गॅस्ट्रिक बायपास (पोटाचं, हृदयाचं नव्हे) करून टाकू. दुसऱ्या म्हणाल्या, आधी दुर्बिणीतून बघू, मग बोलू. आणि घरचे म्हणतात, "परत कापाकापी कशाला? तोंडावर ताबा ठेव की!"

हे शेवटचं वाक्य ऐकत आलेल्या सगळ्यांसाठी हा धागा आहे. अशा ऑपरेशननंतर काही वर्षांनी थोडंफार वजन परत येणं नेहमीचं आहे. घटलेलं वजन भरून काढायला शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांनी दुसरं ऑपरेशन केलं, ज्यांनी टाळलं, ज्यांनी घरच्या माणसाचं पाहिलं, सगळ्यांनी लिहा. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नावं मात्र नकोत.

नेरूळ

तुमचं झोपेचं वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं, कारण मीही तशीच झोपत होते. मी शाळेत शिकवते. पाचव्या तासापर्यंत घसा बसायचा, कोरडा खोकला जाता जात नव्हता. कानाघशाच्या डॉक्टरांकडे बरेच महिने गेले, पण मूळ पोटात होतं.

मला सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढतात आणि अरुंद नळी ठेवतात. जठराची खालची झडप तशीच असते, त्यामुळे नळीत दाब वाढला की तो वर सरकतो. माझ्या एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला व्रण दिसले, सोबत हायटस हर्नियाही, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. अन्ननलिकेचं अस्तर बदलायला लागलंय का हे पाहायला तुकडाही तपासला. तो चांगला आला, पण तो रिपोर्ट येईपर्यंत जिवाला घोर होता. ॲसिडिटीच्या गोळ्या दोन वेळा घेऊनही भागत नव्हतं, म्हणून बायपास ठरलं. त्यात जठराची छोटीशी पिशवी ठेवून तिला लहान आतडं जोडतात आणि पित्त बरंच खाली नेऊन सोडतात. हर्नियाही त्याच वेळी दुरुस्त केला.

ऑपरेशन पहिल्यापेक्षा जड गेलं. आधीच्या टाक्यांमुळे आतले भाग चिकटलेले असतात आणि गळतीचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे मला सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं. जळजळ मात्र थांबली. खरंच थांबली! आता एका उशीवर सपाट झोपते.

वजन उतरलं, पण पहिल्या खेपेसारखं नाही. सर्जन म्हणाले होते, "जळजळीसाठी करताय तर समाधानी राहाल. फक्त वजनासाठी करणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा." हे वाक्य प्रत्येकाने ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

आणखी दोन गोष्टी. गौरीच्या जेवणात अर्धी पुरणपोळी खाल्ली तर छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, आतल्या खोलीत जाऊन पडावं लागलं. गोड पटकन आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. आणि गुडघा कितीही दुखला तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक माझ्यासाठी बंद, पिशवीला आतडं जोडलंय त्या जागी अल्सर होतो. सिगारेटनेही तेच होतं.

कळवा

माझा पट्टा होता, गॅस्ट्रिक बँड, जठराच्या वरच्या भागाभोवती आवळून बसवलेला. पंधराएक वर्षांपूर्वी त्याची बरीच चलती होती. पुढे तो सरकला, भाताचा घासही उलटून यायचा. पट्टा काढला आणि सूज उतरायला काही महिने थांबवलं, मग स्लीव्ह केलं. त्या थांबण्याच्या काळात वजन झपाट्याने वाढलं आणि मी हताश झालो होतो. पण एकाच वेळी दोन्ही करायची घाई केली नाही हे बरं झालं.

ऐरोली

मी ऑपरेशन केलं नाही. बायपासनंतर वीसेक किलो परत आले होते. बेरियमचा एक्स-रे झाला, एन्डोस्कोपी झाली. पिशवी ठीक, जोडही ठीक, ताणलेलं काही नव्हतं. सर्जन सरळ म्हणाले, "आत दुरुस्त करण्यासारखं काही नाही, मग मी काय दुरुस्त करू?" त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे भूक आणि वजन कमी करणारं औषध भारतात आलं, त्यानंतर त्यांनी मला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. आठवड्याला एक इंजेक्शन, २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. सुरुवातीला मळमळ आणि बद्धकोष्ठता झाली. भूक शांत झाली, वजन उतरलं. खर्च मात्र घराच्या हप्त्यासारखा दर महिन्याला उभा असतो. मध्ये थांबवलं तर भूक परत आली. खाणं इतकं कमी होतं की प्रथिनं नेटाने घ्यावी लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर हे औषध देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना ते आधीच सांगा.

नौपाडा

आईबद्दल लिहिते. बाबा गेल्यावर तिचं वजन वाढलं. जेवण चिमणीएवढंच, पण दिवसभर चहाबरोबर खारी, टीव्हीपुढे फरसाण, रात्री आईस्क्रीम. असलं मऊ, चुरा होणारं खाणं स्लीव्हमधून अडत नाही, सहज उतरतं. तिलाच दुसरं ऑपरेशन हवं होतं. टीममधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याशी तासभर बोलून सांगितलं की आधी एकटेपणावर उपचार करू. आई चिडली. आता औषध चालू आहे, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर तलावपाळीला जाते. वजन थोडंच उतरलंय, पण ऑपरेशनचा विषय ती स्वतः काढत नाही.

खारघर

सगळे वजन वाढल्याचं लिहितायत, माझं उलटं झालं. मिनी बायपासमध्ये (एकच जोड असलेला बायपास) आतड्याचा बराच लांब भाग वगळला गेला होता. वजन उतरतच राहिलं. पाय सुजले, केस गेले, रक्तात प्रथिनं आणि लोह दोन्ही खाली. शिरेतून लोह द्यावं लागलं. शेवटी वगळलेला भाग कमी करण्यासाठी दुसरं ऑपरेशन झालं. फॉलोअप सोडू नका. दरवर्षी बी-१२, डी, फेरिटिन (लोहाचा साठा), कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासा, बरं वाटत असलं तरी. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ कडे जास्तच लक्ष द्या.

वाशी

विम्याचं कुणी लिहिलं नाही. पत्नीच्या वेळी आम्ही यात अडकलो होतो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), आटोक्यात नसलेला मधुमेह असं काहीतरी. दुसऱ्या वेळी बीएमआय बहुधा त्याखालीच असतो. ऑपरेशन जळजळीसाठी असेल तर एन्डोस्कोपीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं कारणासहित पत्र लावून आधी लेखी मंजुरी घ्या. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्सही मिळवा. त्या सर्जनलाही लागतात, आत नक्की काय केलंय ते त्यावरूनच कळतं.

घोडबंदर रोड, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मी वजन आणि जळजळ हे एकच दुखणं धरून चालले होते, ते आता वेगळे प्रश्न दिसतायत. जुन्या नोट्ससाठी अर्ज दिलाय, पुढच्या आठवड्यात एन्डोस्कोपी आहे. ती पाहिल्याशिवाय होकार देणार नाही. नेरूळच्या ताई, शाळेत परत कधी गेलात? आणि इतक्या गोळ्या दिवसात कशा बसवता?

नेरूळ

महिन्याभराने गेले, पहिले काही दिवस अर्धाच वेळ. कॅल्शियम सायट्रेट सकाळी आणि दुपारी, लोह रात्री. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या आसपास चहा नको. एन्डोस्कोपीला तुकडा घेणार आहेत का, ते आधी विचारून ठेवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना सांगायला विसरू नका.