गरोदरपणात फ्लूची लस: आता घ्यावी की सातव्या महिन्यापर्यंत थांबावे?

नमस्कार. मला चौथा महिना सुरू आहे, हे पहिलेच बाळंतपण आहे आणि फ्लूचा हंगाम तोंडावर आला आहे. डॉक्टरांनी मागच्या तपासणीत फाइलवर फ्लूची लस लिहून दिली आणि ‘घेऊन टाका’ एवढेच सांगितले. घरी सासूबाईंचे म्हणणे असे, की साध्या सर्दी-तापासाठी पोटात बाळ असताना टोचून कशाला घ्यायचे.

वाचन केल्यावर त्यांच्या शंकेचे उत्तर मला बरेचसे मिळाले. गरोदरपणात हृदयावर मुळातच जास्तीचा भार असतो, वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीचे कामही बदललेले असते. त्यामुळे इतरांना आठवडाभर झोपवणारा फ्लू गर्भवतीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत दगावलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के गर्भवती होत्या, जेव्हा लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम १ टक्का होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या लशीसाठी गर्भवतींना सर्वाधिक प्राधान्य द्यावे असे म्हटले, त्यामागे हाच अनुभव होता. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला मिळते ते आईकडून वारेतून गेलेले संरक्षणच. बांगलादेशातील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला होता.

इथपर्यंत मनाची तयारी झाली होती. मग २०१७ चा एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला आणि मी पुन्हा अडले. लागोपाठ दोन हंगामांत २००९ च्या विषाणूचा अंश असलेली लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये, दुसऱ्या लशीनंतरच्या २८ दिवसांत गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसले, असे त्यात म्हटले आहे. मी नोकरीच्या ठिकाणी गेल्या वर्षी ही लस घेतलेली आहे, म्हणजे हे वर्णन नेमके मलाच लागू पडते. लस सुरक्षित आहे, एवढ्या सरसकट उत्तराने माझे समाधान होणार नाही. या अभ्यासाचे पुढे काय झाले, ते कोणी सांगू शकेल का?

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. बाळाला संरक्षण मिळावे हाच हेतू असेल, तर सातव्या-आठव्या महिन्यात लस घेतलेली अधिक उपयोगी ठरेल, असे एका मैत्रिणीचे मत आहे. ते पटण्यासारखे वाटते, पण तोपर्यंत मी स्वतः संरक्षणाविना राहीन, त्याचे काय?

प्रतिसाद

ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे आणि हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील.

तुम्ही वाचलेला अभ्यास खरा आहे आणि त्याची दखल घेणे योग्यच होते. मात्र तो २०१०-११ आणि २०११-१२ या दोनच हंगामांचा होता, आणि लागोपाठ लस घेतलेल्यांचा गट त्यात फार लहान होता. इतक्या थोड्या संख्येत योगायोगानेही मोठा फरक दिसू शकतो. संशोधकांनी स्वतःही लशीमुळे गर्भपात होतो असा निष्कर्ष काढला नव्हता, फक्त पुढे तपासावे असे म्हटले होते. ते तपासलेही गेले: त्याच संशोधकांनी नंतरच्या तीन हंगामांतील बऱ्याच जास्त स्त्रियांची माहिती घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात आधीच्या वर्षी लस घेतलेली असो वा नसो, गर्भपाताशी संबंध आढळला नाही. भीतीची बातमी झपाट्याने पसरते, तिचे उत्तर मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

वेळेबाबत तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. शेवटच्या तिमाहीत वारेतून प्रतिपिंडे अधिक जातात, त्यामुळे हंगाम दूर असता तर थांबण्याला अर्थ होता. तो तोंडावर असताना थांबणे म्हणजे ऐन साथीचे महिने संरक्षणावाचून काढणे, कारण लस टोचल्यावरही ती लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात. शिवाय आई आजारी पडली तर त्याची झळ बाळालाही पोहोचते. तुमच्या जागी मी आताच घेतली असती. आता घेतलेल्या लशीची प्रतिपिंडेही बाळापर्यंत पोहोचतातच.

टोचून घेण्यापूर्वी खोक्यावर एकदा नजर टाका. लस निष्क्रिय विषाणूची, दंडात टोचायची आणि चालू हंगामाची असायला हवी. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती गर्भवतीला देत नाहीत. थायोमर्सल हे परिरक्षक अनेक मात्रांच्या बाटलीत असते. त्यापासून धोका आढळलेला नाही, तरी मनात किंतु असेल तर एका मात्रेची भरलेली सिरिंज मागा. पूर्वी या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा लशीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाला असेल, तर आधी सांगा. त्या दिवशी अंगात ताप असेल तर बरे वाटेपर्यंत पुढे ढकला.

नंतर दंड एक-दोन दिवस ठणकेल, क्वचित कणकण येईल. त्यावर पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन मात्र मनाने घेऊ नका. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. अंगदुखी आणि खोकल्यासह जोराचा ताप चढला तर दुखणे अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ओसेल्टामिव्हिर हे औषध गर्भवतीलाही देतात आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.