अनुभव: स्टँडवरचे आजोबा कुठे गेले?

काल चिपळूणला उतरले. स्टँडच्या कोपऱ्यात एक म्हातारा गोणपाट पांघरून बसलेला दिसला आणि पोटात कालवलं. आमचे स्टँडवरचे आजोबा आठवले. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजला जाताना आई त्यांच्यासाठी एक घावन जास्त बांधायची. घेताना विचारायचे, "आयेन खाल्लान का?" बोली आपलीच, म्हणजे इथल्याच कुठल्यातरी वाडीतले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. घरातला चिखल उपसून झाला तेव्हा कुठे लक्षात आलं, आजोबा नाहीत. पप्पा चौकशीला गेले, तर पहिलाच प्रश्न, नाव काय? फोटोही नव्हता. तुमच्याही आठवणीत असं कोणी असेल तर लिहा.

—

हर्णै बंदर. आम्ही मामा म्हणायचो. लिलावानंतर टोपल्या धुवायचा, बदल्यात चार बांगडे. २ जून २०२०, वादळाचा इशारा, होड्या वर ओढलेल्या. तो होडीखालीच झोपायचा. शाळेत चल म्हणून दोनदा सांगून आलो. तिसऱ्यांदा नाही गेलो. दुसऱ्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ. मामा पुन्हा दिसला नाही.

—

दादा, दोनदा गेलात ना. बाकी कोण गेलं होतं?

—

घावन आणि नारळाचा रस, आजीची आठवण आली गो. विषय वेगळाय, सॉरी. ते आजोबा, निळी छत्रीवाले ना?

—

हो हो, निळीच! दांडी सुतळीने बांधलेली!

—

मग मी त्यांना रेल्वे स्टेशनवर पाहिलंय. पुराच्या आधी की नंतर, ते मात्र आठवत नाही. भाजी करपतेय, येते.

—

ताई, हरवल्याची तक्रार द्यायला नातं लागत नाही. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था माहीत आहे ना? डॉ. वाटवानींची, २०१८ चा मॅगसेसे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून घरी पोचवतात. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातही विचारा.

—

आजोबा वेडे नव्हते हो. पण विचारते.

—

आमच्या देवळाच्या पडवीत एक माणूस एकटो ऱ्हवायचो. श्रावणात येय, दिवाळीक जाय. एक वर्स इलोच नाय. आये अजून श्रावणी सोमवारी एक पान जास्त मांडता.

—

छत्रीवाल्या ताई, भाजी झाली का? स्टेशनात कुठल्या बाजूला बसलेले ते? शनिवारी पप्पांना घेऊन जाते.