मुलीसाठी १५ हजारात खिशातला कॅमेरा हवाय, नवा की जुना?

सुमेधा_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय. लेक सहावीत आहे. तिला फोटो काढायचं जबरदस्त वेड लागलंय, त्यामुळे माझा फोन कायम तिच्याकडे, आणि एकदा फोन हातात गेला की फोटो दोन आणि रील्स दोनशे, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिला स्वतःचा फोन इतक्यात द्यायचा नाही हे आमचं दोघांचं पक्कं ठरलंय. मग नवरा म्हणाला, आपल्या लग्नात तुझ्या भावाकडे होता तसला साधा खिशात बसणारा डिजिटल कॅमेरा घेऊन टाकू. बजेट १५ हजार.

आता बघायला गेले तर ऑनलाइन दोनच प्रकार दिसतायत. एक म्हणजे कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे गुलाबी, आकाशी कॅमेरे, ४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स झूम आणि किंमत साडेतीन-चार हजार!! दुसरे नावाजलेल्या कंपन्यांचे, ते एकतर आउट ऑफ स्टॉक नाहीतर किंमत बघून टॅब बंद करावा असे. मधलं काहीच नाही. हे काय गौडबंगाल आहे?

वापर रोजचाच, म्हणजे घर, सोसायटीतली मांजरं, आजी, शाळेची सहल (तिथे फोन चालत नाही, कॅमेरा चालतो). माझं माहेर निफाडकडचं, त्यामुळे थंडीत नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात एक चक्कर असतेच, तर तिला पक्ष्यांचे पण हवेत. कुठला घेऊ?

मंदार_ठाणे

स्पष्ट बोलतो ताई, राग मानू नका. घरात पडलेला जुना फोन सिम काढून द्या, विषय संपला. स्वस्त कॉम्पॅक्टमधला, म्हणजे असल्या खिशातल्या कॅमेऱ्यातला सेन्सर (आतली उजेड टिपणारी चकती) जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, हल्लीच्या बऱ्या फोनमधला मेन सेन्सर त्याहून मोठा असतो. शिवाय अंधारात फोन पाच-दहा फोटो घेऊन आतल्या आत एक करतो, तसलं काही या कॅमेऱ्यांना नीट जमत नाही. गणपतीच्या आरतीचा फोटो दोन्हीने काढून बघा, कॅमेऱ्यात सगळी रांगोळी सांडल्यासारखी दाणेदार येते.

सुमेधा_नाशिक

राग कसला, पण ते करून झालंय हो. सिम काढलं तर ती वायफाय चालू करते, वायफायचा पासवर्ड बदलला तर आजीचा हॉटस्पॉट. आजी पण सामील आहे.

पंत_सदाशिवपेठी

आजींचा हॉटस्पॉट, हाहाहा. ताई, कॅमेराच घ्या. मंदार म्हणतो ते आरतीबद्दल खरं आहे, पण दोन गोष्टी तो विसरला. एक म्हणजे खरा फ्लॅश. कॉम्पॅक्टमध्ये झेनॉनचा फ्लॅश असतो, फाटकन एकदाच पडतो आणि झोक्यावरचं पोर जागच्या जागी गोठवतो, फोनचा म्हणजे नुसती बॅटरी लावल्यासारखा उजेड. दुसरं म्हणजे ऑप्टिकल झूम, भिंग खरंच पुढेमागे सरकून लांबचं जवळ आणतं तो.

आता ते गुलाबी कॅमेरे. त्यांच्या नादी अजिबात लागू नका. सेन्सर मुळात असतो ८ नाहीतर १३ मेगापिक्सेलच्या आसपासचा, बाकीचे पिक्सेल ताकात पाणी घालतात तसे आत वाढवलेले, ताक तेवढंच. १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, भिंग जागचं हलत नाही, फोटोच मधून कापून मोठा करतो, ते तुम्ही नंतर घरी पण करू शकता. ओळखायची सोपी खूण, झूमचं बटण दाबल्यावर पुढची नळी बाहेर येते का बघायचं. नळीच नसेल तर पुढे बोलूच नका.

मधलं काही का दिसत नाही, तर मधलं बनवायचंच जवळपास बंद झालंय. २०१० मध्ये जगभरात १० कोटींच्या वर कॉम्पॅक्ट कॅमेरे कंपन्यांकडून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये २० लाखसुद्धा नाहीत. फोनने खाल्लं सगळं. जे उरले ते महागडे, आणि आता पोरांना इन्स्टावर २००५ सालचा लूक हवा म्हणून जुन्यांचे पण भाव चढलेत. माझा एक जुना कॅमेरा, जो भंगारवाल्याने फुकट नको म्हणून सांगितलं होतं, तो पुतणी साडेचार हजारात विकून आली आणि मला पेढे दिले. पेढेच.

तर तुमच्या बजेटमध्ये जुनाच घ्यावा लागेल असं माझं मत. कॅननचा इक्सस १८५ आणि सोनीचा डब्ल्यू ८३० हे दोन सहज मिळतात, दोन्ही २० मेगापिक्सेल, ८ एक्स झूम, सीसीडी म्हणजे जुन्या धाटणीच्या सेन्सरवाले. उजेडात रंग छान देतात पण व्हिडिओ फक्त ७२०, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी, आणि संध्याकाळ झाली की झोपतात. इक्सस २८५ एचएस त्यांच्यापेक्षा सरस, १२ एक्स, फुल एचडी, वायफाय पण आहे (आजींना सांगू नका). पण पक्षी म्हणताय तर १२ एक्स म्हणजे ३०० मिलिमीटर (हा भिंगाच्या पल्ल्याचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ), त्यात मधमेश्वरच्या मनोऱ्यावरून जांभळी पाणकोंबडी म्हणजे जांभळा ठिपका. त्यापेक्षा कॅननचाच एसएक्स ६२० एचएस शोधा, २५ एक्स, ६२५ मिलिमीटरपर्यंत जातो आणि तरी वजन १८० ग्रॅमच्या आसपास, खिशात बसतो. बॅटरी एनबी-१३एल, तीच कॅननच्याच जी-७-एक्स मालिकेला लागते म्हणून अजून सगळीकडे मिळते. जुना कॅमेरा घेताना आधी बॅटरी मिळते का ते बघावं, मग कॅमेरा.

ऋता_बंगळूर

सोनीचा पहिला आरएक्स १०० बघ की, २०१२ चा. सेन्सर 'एक इंच' म्हणतात त्या मापाचा (खरा इंचभर नसतो), म्हणजे वर मंदारने सांगितलाय त्याच्या चौपट क्षेत्रफळ, लेन्स एफ १.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी. आरतीचा प्रश्नच मिटला.

पंत_सदाशिवपेठी

आरती मिटली पण पक्षी उडाले की. त्याचा झूम ३.६ एक्स, १०० मिलिमीटरला संपतो. आणि चांगल्या अवस्थेतला १५ मध्ये मिळाला तर मला दोन सांगा. मोठा सेन्सर आणि लांब झूम दोन्ही खिशात मावणाऱ्या डबीत हवं तर पैसे पण तेवढे मोजावे लागतात. एक काहीतरी सोडायचं, ११ वर्षांच्या मुलीला झूम जास्त मजा देईल.

मीनल_चिपळूण

एसएक्स ६२० ला +१. पण जुना घेताय तर बुरशी बघा!! आमच्याकडे चार महिने कपाटातले चपला-पट्टे पांढरे होतात तिथे लेन्सचं काय होतं विचारू नका. माझा एक चांगला कॅमेरा त्याच्याच लेदरच्या पाऊचमध्ये एक अख्खा पावसाळा ठेवला, चामडं ओल धरतं हे तेव्हा कुठे माहीत होतं, दिवाळीला काढला तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करायला जेवढे सांगितले तेवढ्यात दुसरा आला असता. आता फरसाणाच्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्या दाण्याच्या, गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळ्या (तो तवा मग पोळ्यांना नाही वापरायचा हां). नाशकात एवढा त्रास नाही पण कॅमेरा आधी कुठे राहिलाय ते विकणारा थोडीच सांगणार.

डबलरोल_दादर

मुंबईला येणं होत असेल तर सीएसएमटीच्या बाहेर फोर्टात बोरा बाजार आहे, कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने. ऑनलाइन फोटो बघून जुना घेऊ नका, हातात घेऊन बघा. मी असा तपासतो: आधी बंद-चालू, बंद-चालू पाच-सात वेळा, नळी कुरकुरत किंवा अडखळत बाहेर आली तर ठेवून द्यायचा, आत वाळू गेलेली असते आणि हा आजार बरा होत नाही. मग पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघायचे, राखाडी डाग दिसला तर आत धूळ. भिंगावर फोनची बॅटरी तिरकी मारून मीनलताई म्हणतात ते धागे बघायचे. बॅटरीचं झाकण उघडून पितळी टोकं हिरवट नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा. फ्लॅश चार वेळा मारा. तारीख सेट करून बॅटरी काढून मिनिटभराने घाला, परत तारीख विचारली तर आतला छोटा सेल गेलाय, चालतं तसं, पण भाव पाडायला कामाला येतं.

आणि एकदम जुनाट, २००२ ते २००४ च्या आसपास बनलेला कोणी 'व्हिंटेज' म्हणून गळ्यात मारत असेल तर जपून. त्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतले सीसीडी नंतर बिघडले, फोटो जांभळा-पट्ट्यापट्ट्यांचा येतो नाहीतर पार काळा. त्यातल्या कित्येकांना कार्ड पण २ जीबीपर्यंतचंच चालतं.

सुमेधा_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, घेतला!! भावाला सोबत घेऊन गेले होते बोरा बाजारात. पहिल्या दुकानात एसएक्स ६२० होता, चकचकीत, डबा-बिल सगळं, 'ताई, एकदम मिंट, डॉक्टरसाहेबांचा आहे' वगैरे. दादरकरांनी सांगितलं तसं समोरच्या इमारतीवरच्या आभाळाचा फोटो काढला तर उजव्या कोपऱ्यात चांगला मुगाएवढा डाग. दाखवला तर म्हणे कबूतर असेल. मी अजून एक काढला. कबूतर तिथेच. तिसऱ्या फोटोत पण कबूतर तिथेच. भाऊ बाहेर जाऊन हसत बसला.

पलीकडच्या गल्लीत दुसरा मिळाला, खालच्या कडेला रंग उडालाय पण भिंग स्वच्छ, नळी गप्प येते-जाते. १८ सांगितले, तारखेच्या सेलवरून दीड हजार कमी केले, हुश्श. म्हणजे बजेट दीड हजाराने गेलंच पण एक जास्तीची बॅटरी मिळाली. कार्ड नवीन ३२ चं घेतलं.

चार दिवसांत २१२ फोटो. त्यातले साठेक आजीचे, आजी आता केस विंचरल्याशिवाय बाल्कनीत येत नाहीत. बाकी मांजराचे कान, पाण्याची टाकी, माझी पाठ. पट्टा मनगटात घालूनच झोपते. आणि काल सोसायटीच्या मागच्या तारेवर फुल झूम करून एक काढलाय, ती म्हणते वेडा राघू आहे, मला तर तारेला मारलेली गाठ दिसतेय. खाली फोटो टाकलाय, जाणकारांनी सांगावं.

पंत_सदाशिवपेठी

वेडा राघूच आहे. शेपटीची काडी दिसतेय बघा, खाली. तुमचा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.