पीथ्रीएचटी ट्रान्झिस्टर: इथलं माप आणि जर्मनीतलं माप जुळत नाही

पातळथर
जर्मनीतल्या एका गटासोबत सेंद्रिय ट्रान्झिस्टरचं काम चालू आहे. चिपवर २३० नॅनोमीटर ऑक्साइड (गेटचा विद्युतरोधक थर), सोन्याचे कॉन्टॅक्ट, वर क्लोरोबेंझिनच्या द्रावणातून चिप गरगर फिरवून पसरवलेला (स्पिन केलेला) पीथ्रीएचटी या अर्धवाहक पॉलिमरचा थर. इथे ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद, निष्क्रिय वायूच्या पेटीत) मोबिलिटी, म्हणजे थरातून विद्युतभार किती सहज सरकतो ते, ०.०५; ऑन-ऑफ गुणोत्तर, म्हणजे चालू आणि बंद अवस्थेतल्या करंटचं प्रमाण, लाखाच्या घरात. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून कुरियर केलं. नऊ दिवसांनी तिकडे मोबिलिटी ०.०८ (चक्क वाढली), गुणोत्तर जेमतेम तीनशे, थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होतो तो गेट व्होल्टेज) +२५ व्होल्ट. कोणाचं चुकलंय?

निर्वात
पॅकिंग चुकलंय. पीथ्रीएचटीची होमो पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची पातळी) उणे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, त्यामुळे ऑक्सिजन लागला की तो इलेक्ट्रॉन ओढतो आणि थर डोप होतो. होल (धन भारवाहक) वाढतात, ऑफ करंट चढतो, थ्रेशोल्ड धन बाजूला सरकतो. तुमचे आकडे अगदी हेच सांगताहेत. पॉलिथीनमधून ऑक्सिजन आरामात आत जातो, आणि उघड्यावर पडलेली जेलची पुडी स्वतःच ओली असते.

त्यांना एक चिप नायट्रोजनमध्ये, अंधारात, १२० अंशांवर अर्धा तास तापवून पुन्हा मोजायला सांगा. ऑफ करंट खाली आला तर नुसतं डोपिंग होतं. ऑन करंटही इथल्यापेक्षा कमी भरला तर उजेड आणि ऑक्सिजनने मिळून पॉलिमरची साखळीच तोडली. ती परत येत नाही.

पुढच्या खेपेला ग्लोव्हबॉक्सच्या आतच ॲल्युमिनियम लॅमिनेटची पिशवी हीट-सील करा, एकात एक दोन. सोबत २५०-३०० अंशांवर भाजून कोरडी केलेली मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे खडे). आणि त्याच वेफरची जुळी चिप इथेच ठेवा. गेलेली परत मागवून दोन्ही एकाच दिवशी मोजा. याशिवाय प्रवासाचा दोष आणि मापाचा दोष वेगळे करता येत नाहीत.

सी-ऑक्स
डोपिंगचं पटलं, पण ०.०८ वर माझा विश्वास नाही. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये ऑक्साइड किती धरलंय ते विचारा. मोबिलिटी काढताना ऑक्साइडच्या धारितेने (कपॅसिटन्सने) भागतात; २३० नॅनोमीटरला ती १५ नॅनोफॅरड प्रति चौ. सेंमी, ३०० ला ११.५. तिथे ३०० राहिलं असेल तर मोबिलिटी ३० टक्के फुगते, म्हणजे ०.०५ चे ०.०६५ तिथेच झाले.

थर पॅटर्न केलाय का, म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरपुरता वेगळा केलाय का? नसेल तर चॅनेलच्या (दोन कॉन्टॅक्टमधल्या पट्टीच्या) बाहेरून वळसा घालून करंट येतो आणि डोप झालेल्या थरात तो आणखी वाढतो. मोजायच्या सुया टेकवण्याआधी एका सुईने प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवती चौकोन ओरखडा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कोणी करत नाही.

आलेख नको, कच्च्या फाइली मागवा: गेट व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना अशा दोन्ही दिशांचे स्वीप, पायरी किती व्होल्टची, थांबा किती मिलिसेकंदांचा, गेट करंट. काय काय नोंदवायचं याला आयईईई १६२० हे मानक आहेच, ते दोघांनी आधी ठरवून घ्या.

पातळथर
थर पॅटर्न केलेला नाही! शीट मागवतो. आता पॉलिमरही पाठवायचाय, द्रावण करून चालेल?

निर्वात
नको. क्लोरोबेंझिन ज्वलनशील, विमानाने धोकादायक माल म्हणून जातं. भुकटी पाठवा, द्रावण त्यांनी करावं. सोबत बॅच क्रमांक, रेजिओरेग्युलॅरिटी (साखळीतले घटक किती एकाच दिशेने जोडलेत) आणि जीपीसी (आण्विक वजन मोजायची पद्धत) कशाच्या तुलनेत केली ते लिहा. पॉलिस्टायरीनवरून काढलेलं पीथ्रीएचटीचं आण्विक वजन खऱ्यापेक्षा बरंच जास्त येतं. त्यांनी दुसऱ्या पद्धतीने मोजलं की पुन्हा हाच धागा.

सी-ऑक्स
पॉलिमर नवा असेल तर आधी मटेरियल ट्रान्सफर करार (दिलेला नमुना कसा वापरायचा याचा लेखी करार). पेटंट त्यांच्याकडे आधी टाकायचा विचार असेल तर थांबा: आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३९ खाली इथल्या रहिवासी संशोधकाला परवानगी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे वाट पाहावी लागते.