पर्सनल शेफ: नेमकं गिऱ्हाईक कोण धरू?

नोकरी सोडून हे काम सुरू केलंय. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्यांच्याच ओट्यावर आठवड्याचं रांधायचं, डब्यांवर नाव-तारीख घालून फ्रिज लावून द्यायचा. चार महिने झाले. "कोणासाठी करता?" विचारलं की मी "सगळ्यांसाठी" म्हणते. फोन मात्र पार्ट्यांचेच येतात, मग पुन्हा शुकशुकाट. श्रीमंत घरं गाठावीत का?

प्रतिसाद १
श्रीमंतांचा नाद सोडा. ते एका घरापुरता पगारी आचारी ठेवतात, तो प्रायव्हेट शेफ. तुमचा धंदा वेगळा. आधी तास मोजा. बाजारहाट धरून एका घरी पाच-सहा तास जातात, म्हणजे दिवसाला एकच घर. काही घरं आठवड्याआड धरली तरी सात-आठ घरांत वही भरते. तेवढ्यासाठी "सगळे" कशाला हवेत? ज्या घरात अडचण दर आठवड्याला नव्यानं उभी राहते, ते शोधा. बाळंतिणीला गरज मोठी, पण काही महिन्यांत संपते.

प्रतिसाद २
माझी बहुतेक घरं एकट्या राहणाऱ्या वृद्धांची. इथं खाणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा. एका घरी मी परगावच्या लेकीला आवडेल असा मेनू आखायचे, तिला फोटो पाठवायचे. ती खूश! तिसऱ्या आठवड्यात पाहिलं तर निम्मे डबे तसेच. आजोबांच्या बोटांना ती घट्ट झाकणं उघडतच नव्हती. सैल झाकणं आणली, एका डब्यात एकाच वेळचं जेवण, तारीख जाड मार्करनं. ते घर अजून आहे, आणि पुढची दोन त्यांच्याच ओळखीतून आली.

प्रतिसाद ३
पथ्याची माणसं विसरू नका. सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असलेल्याला ग्लुटेनचा, म्हणजे गहू-जवातल्या प्रथिनाचा, कणही चालत नाही. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायची आंतरराष्ट्रीय मर्यादाच किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. हॉटेलातलं गव्हाचं पीठ लागलेलं एक लाकडी उलथनं घात करतं. तुम्ही त्यांच्याच भांड्यांत शिजवता, हीच तुमची जमेची बाजू. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं काम मात्र आहारतज्ज्ञाच्या लेखी तक्त्याशिवाय घेऊ नका. आणि शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच, बाकीचं फ्रीझरमध्ये.

धागाकर्ती
वही काढून बसले. पार्टीवाल्यांपैकी दोघींनी जाता जाता "आईसाठी दर आठवड्याला याल का?" विचारलं होतं. मी "बघू" म्हणून विसरले! आता पहिली खेप फुकट करून दाखवू?

प्रतिसाद २
फुकट नको. पूर्ण पैसे घ्या, पण डबे कमी करा. आणि फोन लेकीला नाही, आधी आईला.