मदत हवी आहे: प्रतिसरकारच्या काळातल्या बायकांच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. माझी पणजी कुंडलची. १९४३ ते ४६ दरम्यान साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, चालू होतं, तेव्हा ती उसाच्या फडात लपलेल्या भूमिगतांना निरोप पोचवायची. भाकरीच्या चवडीत मधोमध चिठ्ठी, वर खरड्याची वाटी, आणि पाटी डोक्यावर. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागद एकही नाही. तुरुंगात गेलेल्या पुरुषांची नावं याद्यांत सापडतात. पकडल्या न गेलेल्या या बायका कुठेच दिसत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

अडचण अशी की कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आजूबाजूची कितीतरी गावं इंग्रजी अमलाखाली. मग शोध कुठून सुरू करू? औंधचं दप्तर आता कुठल्या पुराभिलेखागारात आहे? ७ जून १९४३ ला तुफान सेनेने (प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाने) शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना ताब्यात घेतला, त्या तपासात गावच्या बायकांच्या जबान्या झाल्या असतील का? मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळच्या पोलिसी फायली पाहायला काय काय कागद लागतात?

कुणाकडे जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती असतील तर कृपया कळवा. त्यांत पणजीचं नुसतं नाव निघालं तरी आजीला ऐकवायचं आहे.