'संप्रेरक-प्रेरित', '-प्रतिसादी' की '-नियंत्रित' जनुक?

विचारणा: टीएफएफ१ या मानवी जनुकाबद्दल लिहिताना हे तिन्ही शब्द आलटूनपालटून वापरलेले दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच का?

प्रतिसाद १: नाही. 'प्रतिसादी' सर्वांत व्यापक. संप्रेरक दिल्यावर आरएनए (जनुकावरून पेशीत बनणारी नक्कल) वाढो की घटो, जनुक प्रतिसादीच. 'प्रेरित' म्हणायचे तर तो वाढलाच पाहिजे. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे टीएफएफ१चा आरएनए वाढतो, तिथे 'प्रेरित' चपखल. जठराच्या अस्तरात मात्र हेच जनुक इस्ट्रोजेनची वाट न पाहता भरपूर चालते. म्हणून पेशी कोणती हे सांगितल्याशिवाय 'इस्ट्रोजेन-प्रेरित जनुक' लिहूच नये.

प्रतिसाद २: शिवाय 'थेट प्रेरित' हा वेगळा दावा आहे. इस्ट्रोजेन ग्राहीला (पेशीतल्या, संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि ग्राहींची जोडी डीएनएवरच्या १३ अक्षरांच्या जागी बसते: जीजीटीसीए, मग कोणतीही ३ अक्षरे, मग टीजीएसीसी. या जागेला 'इस्ट्रोजेन-प्रतिसाद घटक' म्हणतात. टीएफएफ१मध्ये शेवटच्या पाचांत एक अक्षर वेगळे आहे (टीजीजीसीसी), तरी ग्राही बसतो. पण जागा सापडली एवढ्याने भागत नाही. सायक्लोहेक्झिमाइडने नवी प्रथिने बनणे थांबवूनही आरएनए वाढला, तर मध्ये दुसऱ्या नव्या प्रथिनाची गरज नाही असे म्हणता येते.

विचारणा: आणि 'नियंत्रित'?

प्रतिसाद १: फुल्वेस्ट्रंटसारख्या औषधाने ग्राही निकामी केल्यावर वाढ नाहीशी झाली, तर तो शब्द शोभतो. नुसत्या वाढीवरून वापरू नये.

प्रतिसाद ३: 'प्रतिसाद नाही' हे शब्दही जपून वापरा. पेशी ज्यात वाढवतात त्या माध्यमातला फिनॉल रेड हा रंग इस्ट्रोजेनसारखा वागतो आणि त्यात घातलेल्या साध्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) संप्रेरके असतातच. दोन्ही राहिले तर तुलनेच्या पेशींतही जनुक आधीच चढलेले असते, आणि संप्रेरकाने पडणारा फरक झाकला जातो. म्हणून पेशी ४८ ते ७२ तास फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात, कोळशाने संप्रेरके काढलेल्या सीरमवर ठेवतात. मग १० नॅनोमोलर इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) देतात, आणि तुलनेच्या पेशींना तेवढेच इथेनॉल, कारण संप्रेरक त्यातच विरघळवलेले असते.

विचारणा: मग सोप्या लेखात 'इस्ट्रोजेनने जनुक चालू होते' चालेल?

प्रतिसाद २: 'चालू होते' वाचून आधी ते पूर्ण बंद होते असे वाटते. या पेशींत थोडा आरएनए आधीही असतो, म्हणून 'जोर धरते' जास्त खरे. नेमके लिहायचे तर: 'एमसीएफ-७ पेशींत इस्ट्रोजेनने थेट प्रेरित होणारे जनुक'.